मिस्तरींनी सांगितलेलं माप

मिस्तरींनी बीपीच्या पट्ट्यातली हवा सोडली, कानांतून स्टेथोस्कोप काढून गळ्यात अडकवला आणि वहीत आकडा लिहिला.

"एकशे छत्तीस, चौऱ्याऐंशी. एकशे चाळीसच्या आत. उत्तम."

"उत्तम काय बाबा, डोकं फुटतंय माझं सकाळपासून," ठमी म्हणाली.

"आठवा महिना आहे. आठव्या महिन्यात डोकं दुखणार नाही तर काय गाणी म्हणणार?"

एरवी या वाक्यावर घरात हशा पिकला असता. मिस्तरींच्या विनोदांना हसायचं, हा त्या घरातला जुना शिरस्ता होता. पण मिस्तरीण शिवणयंत्रापाशी उभी होती आणि लेकीच्या पायांकडे बघत होती. काल संध्याकाळी त्या पायांत चप्पल जात होती. आज घोटा कुठला आणि पोटरी कुठली, हे हात लावून शोधावं लागलं असतं. चेहराही सुजला होता.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तीच गुटगुटीत, म्हणून बापाने लाडाने ठेवलेलं नाव. ते पुढे तिच्या अंगाबरोबर वाढत गेलं. दिवस राहिले तेव्हाच ती ब्याण्णव किलो होती. नवरा मालवाहू जहाजावर, चार महिन्यांनी येणार, म्हणून ती आईवडिलांकडे राहायला आली होती.

मिस्तरींबद्दल सांगायचं तर गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या यंत्रशाळेत ते सव्वीस वर्षं काम करत होते. बीपीची यंत्रं, वजनकाटे, वाफारे, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. प्रत्येक यंत्र थोडंफार चुकतंच, हा त्यांचा सिद्धांत. एखादं यंत्र चार जास्त दाखवत असेल, तर ते त्याच्यावर चिठ्ठी चिकटवायचे, "वजा चार". मग नर्सने आकड्यातून चार वजा करायचे आणि खुशाल लिहायचं. मिस्तरींची चिठ्ठी म्हणजे ब्रह्मवाक्य. त्यावर डॉक्टरसुद्धा वाद घालत नसत. गंमत एवढीच, की शेकडो वजनकाटे दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः कधी काट्यावर चढत नसे. चढले असते तर काटा एकशे अठरापाशी थांबला असता.

आणि त्या यंत्रांचे दंडाला बांधायचे पट्टे शिवायची मिस्तरीण. जुने फाटके पट्टे घरी यायचे, ती कापड बदलायची, चिकटपट्टी बदलायची, आतली रबरी पिशवी तपासून पुन्हा बसवायची. पट्ट्याचं माप तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. दंडाच्या घेराला पाचाने भागायचं, दोनाने गुणायचं, तेवढी पिशवीची रुंदी. पिशवी अरुंद झाली तर आकडा उगाच जास्त येतो. रुंद झाली तर उगाच कमी येतो. शर्टाच्या बाहीसारखंच हे, ज्याच्या त्याच्या मापाचं.

हे सगळं ठाऊक असलेल्या बाईने चार वर्षांपूर्वी एक पट्टा चुकीचा शिवला होता.

त्या वर्षी मिस्तरींचे थोरले भाऊ जेवता जेवता ताटावर कोसळले. तोच बांधा, तेच पोट, तेच घोरणं. अर्धं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, आणि ते तीन वर्षं अंथरुणात पडून होते. भावाला भेटून आले त्या दिवशी मिस्तरींनी स्वतःचं बीपी घेतलं. एकशे साठ. "साधा पट्टा आहे, माझ्या दंडाला लहान पडतो. खोटं बोलतोय," ते म्हणाले. त्यांच्या या म्हणण्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांचा दंड चाळीस सेंटिमीटर, म्हणून मिस्तरीणीने मापाप्रमाणे सोळाची पिशवी घालून नवा पट्टा शिवला. त्यावर एकशे बावन्न आले. मिस्तरी दुसऱ्या दिवशी यंत्रशाळेतून मांडीला बांधायच्या पट्ट्यातली पिशवी घेऊन आले. वीस सेंटिमीटरची.

"ही घाल," ते म्हणाले. "दोन बोटं जास्त असलेली बरी."

तिने घातली. त्या दिवसापासून आकडा एकशे तीस आणि चाळीसच्या मध्ये फिरायला लागला, मिस्तरींच्या चेहऱ्यावर रंग आला आणि ते पुन्हा विनोद करायला लागले. मिस्तरीण काही बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस हसतोय, जेवतोय, भावाच्या विचाराने रात्र रात्र येरझारा घालत नाही, यात तिने समाधान मानलं. आता त्याच पट्ट्यात ठमीचा दंड होता.

सुरुवात झाली सहा आठवड्यांपूर्वी. त्याच हॉस्पिटलात तपासणीला गेल्यावर तिथल्या तरुण सिस्टरने ठमीचं बीपी घेतलं, एकशे अठ्ठावन्न आलं. मिस्तरी शेजारीच उभे होते. पोरीच्या दंडाला साधा पट्टा बांधलाय हे त्यांनी तेव्हाच हेरलं. मोठा पट्टा नेमका त्यांच्याच टेबलावर दुरुस्तीला पडला होता.

"सिस्टर, या पट्ट्याने जाड हातावर जास्तच येणार. शिकवलं नाही का तुम्हाला?"

"शिकवलंय काका. पण थोडंफार चढलेलं असणारच. वजन जास्त असलं की चढतं."

"जाडीचा आणि प्रेशरचा काय संबंध? हत्ती काय गोळ्या खातो?"

रांगेतल्या बायका हसल्या. सिस्टर मात्र हसली नाही. "अंग वाढलं की अंगातलं रक्त वाढतं, काका. तेवढं सगळं फिरवायला हृदयाला जोर जास्त लावावा लागतो. पोटातली चरबी मूत्रपिंडांना दाबते, मग ती मीठ आणि पाणी बाहेर सोडत नाहीत, अंगातच धरून ठेवतात. रक्ताच्या नळ्याही ताठ होत जातात. तुम्ही पंप दुरुस्त करता ना? पंप तोच, नळ्या आखडलेल्या आणि पाणी मात्र दुप्पट. दाब वाढणार नाही तर काय होणार? आणि पोटुशीपणी ते सगळ्यात वाईट."

मिस्तरीण हे शब्दन् शब्द ऐकत होती. मिस्तरी मात्र नवऱ्यामुलाच्या मामासारखे ऐटीत म्हणाले, "मी घरी रोज घेतो. माझ्याकडे मोठा पट्टा आहे. वही आणून दाखवीन."

आणि त्यांनी दाखवलीही. सुवाच्य अक्षर, तारीख, वेळ, आकडा, सगळे एकशे चाळीसच्या आत. पुढच्या दोन्ही तपासण्यांना सिस्टरच्या यंत्रावर जास्त आलं, पण डॉक्टरीणबाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, घरचं ठीक आहे ना, मग इथे येऊन घाबरत असेल. मिस्तरींचं मोजमाप म्हटल्यावर शंका कोण काढणार?

"आई," ठमी आता म्हणाली, "भिंतीवर काहीतरी चमकतंय."

"कुठे?"

"सगळीकडे. डोळ्यांपुढे काजवे आल्यासारखं."

भर दुपारचे बारा वाजले होते. तिने गळ्यातली मापाची टेप काढली आणि लेकीच्या दंडाभोवती गुंडाळली. पस्तीस. पाचाने भागून सात, दोनाने गुणून चौदा. चौदाच्या जागी वीस. सहा सेंटिमीटरची चूक बाहीत झाली असती तर गिऱ्हाइकाने कपडा तोंडावर फेकला असता.

"अहो," ती म्हणाली, "हिला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

"आत्ताच तर मोजलं. एकशे छत्तीस आहे."

"तो आकडा खरा नाही."

मिस्तरींनी वही मिटली. "यंत्राचं मला शिकवू नकोस."

"यंत्राचं नाही शिकवत. पट्ट्याचं सांगतेय, तो मी शिवलाय. त्यात मांडीच्या पट्ट्याची पिशवी आहे. तुमच्याच हाताला ती मोठी होते, हिला तर किती मोठी. सहा आठवडे आपण या पोरीला खोटा आकडा सांगतोय."

"हळू बोल. तिला घाबरवू नकोस, त्यानेच चढेल." मिस्तरींचा आवाज मात्र स्वतःच चढला होता. "कुणी म्हटलं ती पिशवी मोठी होते? चार वर्षं मी तोच पट्टा वापरतोय. काही झालं मला? धडधाकट उभा आहे ना तुझ्यासमोर?"

ते उभे होते खरे. कपाळावर घाम होता, आणि एवढ्या बोलण्यानेच धाप लागली होती. मिस्तरीणीला एकदम कळलं, हा माणूस पोरीच्या आकड्यासाठी भांडतच नाहीये. पट्टा खोटा ठरला तर चार वर्षांचे त्यांचे स्वतःचे आकडे खोटे ठरतात आणि थोरल्या भावाचं ते वाकडं तोंड पुन्हा समोर येऊन उभं राहतं. तिला त्यांची कीव आली. आणि त्याच क्षणी इतका राग आला, की तिने हातातली टेप शिवणयंत्रावर आपटली.

"तुम्ही या नाहीतर नका येऊ," ती म्हणाली. "मी निघाले."

टॅक्सीत मिस्तरी पुढे बसले, वही मांडीवर घेऊन. मागे ठमीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. तिला उजेड सोसत नव्हता. रस्ता खोदलेला होता, टॅक्सी मुंगीच्या पावलांनी चालली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला ठमी बरगडीखाली हात दाबून कण्हत होती. मिस्तरीणीला वाटलं, या पोरीला काही झालं तर मी या माणसाचं तोंड बघणार नाही. आणि मग वाटलं, माझं तरी कसं बघू? सुई कुणाच्या हातात होती?

दवाखान्यात तीच सिस्टर होती. ठमीचा चेहरा बघताच तिने रांग मोडून तिला आत घेतलं. मोठा पट्टा गेल्याच आठवड्यात दुरुस्त होऊन परत आला होता. मिस्तरीणीने आपला टाका ओळखला. पिशवी बरोबर मापाची होती, तिनेच तपासून बसवलेली. सिस्टरने हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मग ती डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. मिस्तरींनी काट्यावरचा आकडा बघितला होता. ते भिंतीला टेकले.

एकशे बासष्ट, एकशे दहा.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी डोळे बघितले, पोट दाबून बघितलं, गुडघ्यावर ठोकलं, लघवी तपासायला पाठवली, आणि आकडी येऊ नये म्हणून इंजेक्शनची तयारी करायला सांगितली. मग त्या बाहेर आल्या.

"औषध सुरू करतोय," त्या म्हणाल्या. "प्रश्न एकच आहे. बाळ पस्तीस आठवड्यांचं आहे. हे आज सकाळीच चढलं असेल, तर औषधाने उतरतंय का बघून दोन दिवस थांबता येईल, बाळाला तेवढेच दिवस आत मिळतील. पण महिना-दीड महिना हे असंच असेल, तर मी थांबणार नाही. मग आई आणि बाळ दोघांनाही धोका आहे. मिस्तरी, वही बघू."

मिस्तरींनी वही दिली. डॉक्टरीणबाई पानं उलटायला लागल्या. एकशे अठ्ठावीस, एकशे तीस, एकशे चौतीस. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल होताना मिस्तरीणीला दिसल्या. तिने नवऱ्याकडे बघितलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

सव्वीस वर्षं याच इमारतीत त्यांनी नाव कमावलं होतं. ते धुळीला मिळवायला तिची जीभ रेटेना. तिने बायका करतात ते केलं, अंगावर घेतलं.

"डॉक्टरीणबाई, वहीवर जाऊ नका. पट्टा मी शिवलाय. पिशवी चुकून मोठी घातली गेली माझ्याकडून."

"किती मोठी?"

"सहा सेंटिमीटर."

डॉक्टरीणबाईंनी हिशेब केला. "म्हणजे दहा-बारा कमी दाखवत असेल. आजचे हे एकशे छत्तीस म्हणजे अठ्ठेचाळीस धरू. आणि सुरुवातीचे आकडे तर चाळीसच्या आसपासच राहतात." त्यांनी वही मिटली. "मग हे फार जुनं नाही. आज चढलंय. लघवीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबून बघू या."

मिस्तरीणीला वाटलं, सुटलो. सगळं सांगून झालं आणि कुणाचं काही गेलंही नाही. तिने श्वास सोडला आणि नवऱ्याकडे बघितलं, तर त्यांच्या तोंडावरचा सगळा रंग उतरलेला. ओठ हलत होते. काय राहिलंय आता? तिला काही कळेना. डॉक्टरीणबाई आत जायला वळल्या होत्या.

"थांबा," मिस्तरी म्हणाले. आवाज इतका बारीक, की बाईंनी तो ऐकलाच नाही. त्यांनी पुढे होऊन दाराला हात लावला. "थांबा. अजून दहा आहेत."

"कसले दहा?"

"वजा दहा. माझी... माझी सवय. जाड दंड म्हणून दहा वजा करायचे, असं मी चार वर्षांपूर्वी ठरवलं. स्वतःसाठी. पट्टा बदलल्यावरसुद्धा ते दहा मी सोडले नाहीत. काट्यावर शेहेचाळीस दिसले की वहीत छत्तीस लिहायचं. हिचेही सगळे तसेच लिहिलेत." त्यांनी बायकोकडे बोट केलं. "आणि ती पिशवी हिने चुकून नाही घातली. मी आणून दिली होती, मी सांगितलं म्हणून घातली. हिला माप येतं. मी सांगितलेलं माप चुकीचं होतं."

डॉक्टरीणबाई परत आल्या आणि त्यांनी वही मिस्तरींपुढे धरली. दारातल्या सिस्टरच्या हातात इंजेक्शनचा ट्रे होता, ती थबकली.

"म्हणजे छत्तीसला बारा आणि दहा," बाई म्हणाल्या. "अठ्ठावन्न. कधीपासून, मिस्तरी? नीट आठवून सांगा."

मिस्तरींनी वही पुन्हा उघडली. बोट पहिल्या पानावर ठेवलं. एकशे अठ्ठावीस. त्यांनी बेरीज मनातल्या मनात केली.

"पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून जास्त आहे."

मग सगळं धावतच झालं. डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्यांत कुणाला तरी बोलावलं, चाकांचा पलंग आला, मिस्तरींना ऑपरेशनच्या कागदावर सही करायला सांगितली. ठमी आत जाताना आईचा हात सोडेना. मिस्तरी पलंगाबरोबर चालत होते, पण लेकीकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. "बाबा, मला काही होणार नाही ना?" तिने विचारलं. त्यांनी तिच्या सुजलेल्या पावलावर हात ठेवला आणि दार बंद होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसले. दीड तास.

"दहाचं मला का नाही सांगितलंत?" मिस्तरीणीने विचारलं.

"तू मला खोट्यात पकडलं असतंस."

"पकडायला हवं होतं. पिशवी आणलीत तेव्हाच पकडायला हवं होतं. मला कळत होतं सगळं." ती रडत होती आणि पदराने डोळे पुसायचंही तिला सुचत नव्हतं. "पोरीला काही झालं ना, तर मी तुम्हाला माफ करणार नाही. मलाही नाही."

"नको करूस," मिस्तरी म्हणाले.

चार वाजता सिस्टर बाहेर आली. मुलगी झाली होती. पावणेदोन किलोची, वाढ खुंटलेली, पण रडली चांगली मोठ्याने. तिला उबेच्या पेटीत ठेवलं होतं. ठमी शुद्धीवर होती, बीपी औषधाने उतरत होतं, तरी दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. "रिपोर्टही आलाय," सिस्टर म्हणाली. "मूत्रपिंडांवर ताण आला होताच. रात्रीपर्यंत थांबलो असतो तर अवघड झालं असतं. काका, तुम्ही बोललात ते बरं झालं."

मिस्तरींनी चेहरा दोन्ही हातांत घेतला. त्यांचे रुंद खांदे गदगदा हलायला लागले. मिस्तरीणीने त्यांना रडू दिलं. मग उठून सिस्टरला म्हणाली, "मोठा पट्टा घेऊन या. यांचं बघा."

मिस्तरींनी मान वर केली. "आज नको गं. आज कुणाचंही चढलेलंच येईल. एवढी धावपळ, एवढी काळजी, असं मोजलेलं धरतच नाहीत. दोन दिवसांनी..."

ते बोलायचे थांबले. आपण काय बोलतोय हे त्यांनाच ऐकू आलं असावं. त्यांनी बाही वर सारली आणि दंड पुढे केला.

सिस्टरने दोनदा मोजलं. काटा मिस्तरींना दिसत होता, पण त्यांनी नजर फिरवून बायकोच्या चेहऱ्यावर ठेवली.

"सांगा," मिस्तरीण म्हणाली.

"एकशे ऐंशी. एकशे चार." सिस्टरने आवाज मऊ केला. "लगेच डॉक्टरांना दाखवा, काका. आणि वजनही करून घ्या."

"हो," मिस्तरी म्हणाले. वाद नाही, चिठ्ठी नाही, हत्ती नाही. ते जड अंगाने उठले आणि बाकाला धरून उभे राहिले. या इमारतीतली प्रत्येक खोली, प्रत्येक यंत्र, प्रत्येक बिघाड त्यांना तोंडपाठ होता. पण आता ते लांबच लांब व्हरांड्यात गोंधळून बघत राहिले.

"सिस्टर," त्यांनी विचारलं, "पेशंटची रांग कुठे असते?"